व्हिनेगरची बाटली धुवायची तरी कशाला?

प्रश्न: सिंहगड रस्त्याला, धायरीच्या बाजूला राहणाऱ्या एका वाचक भगिनींचं पत्र आहे. घरात पती, कॉलेजात जाणारा मुलगा आणि पंचाहत्तरीच्या सासूबाई. मुलाला नूडल्स, सॅलड असलं काहीबाही करायची हौस, म्हणून भाचीने दिवाळीत स्टीलच्या तोटीच्या दोन काचेच्या बाटल्यांचा सेट दिला. एकीत अ‍ॅपल सायडर व्हिनेगर, दुसरीत लसूण आणि लाल मिरच्या घातलेलं तेल. त्याशिवाय जॅमच्या जुन्या बाटलीत पांढऱ्या व्हिनेगरमधल्या हिरव्या मिरच्या, आणि ओटा पुसायला व्हिनेगर भरलेली एक स्प्रेची बाटली. पावसाळा लागला आणि सायडरच्या बाटलीत लिबलिबीत चकती तरंगायला लागली, तोटीभोवती चिलटं जमली, जॅमच्या बाटलीचं झाकण आतून गंजलं. तेव्हापासून या दर रविवारी सगळ्या बाटल्या उकळत्या पाण्याने धुतात. त्यात एक जुनी बाटली तडकली, आणि बाकीच्यांवर पांढुरका थर बसतोय तो वेगळाच. सासूबाई म्हणतात, "लोणच्याची बरणी कोणी मध्येच धुतं का? व्हिनेगर तर त्याहून आंबट. वर ओतायचं आणि वापरायचं." पती म्हणतात, सगळं भंगारात द्या. भगिनी विचारतात: "मी अति करते आहे का? आणि नाही धुतलं तर कोणी आजारी पडेल, ही भीती खरी की माझ्या डोक्यातली?"

उत्तर:

ताई,

आधी सासूबाईंची बाजू घेते, रागावू नका. ओला चमचा गेला की लोणचं गेलं, हे त्यांच्या पिढीला कोणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. भरलेली बरणी मध्येच धुवायची नाही, ओल्या हाताने उघडायची नाही, एवढं पाळलं की वर्ष निघतं. व्हिनेगरलाही हे लागू पडतं. नियमाप्रमाणे आपल्याकडे व्हिनेगरमध्ये किमान ३.७५ टक्के अ‍ॅसेटिक आम्ल असावं लागतं, आणि दुकानातल्या बहुतेक बाटल्यांवर ४ ते ५ टक्के लिहिलेलं असतं. इतक्या आंबटात पोट बिघडवणाऱ्या नेहमीच्या जंतूंना वाढता येत नाही. तेव्हा आजारपणाची भीती, निदान व्हिनेगरपुरती, मनातून काढून टाका. 'व्हिनेगरपुरती' हे मुद्दाम म्हणते आहे. सेटमधल्या दुसऱ्या बाटलीकडे मी शेवटी येणार आहे.

मात्र "वर ओतायचं आणि वापरायचं" इथे मी तुमच्या पक्षात. लोणच्याची बरणी मध्येच धुत नाहीत हे खरं, पण संपल्यावर काय करतात? घासायची, कडक उन्हात ठेवायची, हिंगाची धुरी द्यायची आणि मगच नवं लोणचं. तळाला उरलेल्या खारावर सासूबाईंनी कधी नवीन लोणचं ओतलं होतं का, विचारून बघा. (हसत विचारा.) तोच न्याय इथे लावायचा: बाटली भरलेली असताना आतून धुवायच्या भानगडीत पडायचं नाही आणि संपली की धुतल्याशिवाय भरायची नाही. तुमच्या घरात व्हिनेगर जेवढं लागतं त्या हिशोबाने हे काम दीड-दोन महिन्यांतून एकदा येईल. दर रविवारचा कार्यक्रम आजपासून बंद.

आता तुमच्या पत्रातलं एक गृहीत मला खटकलं. तुम्ही धरून चालला आहात की व्हिनेगर घाण होतं आणि त्यापायी बाटली घाण होते. मला उलट दिसतं. बाटलीच्या पोटातलं व्हिनेगर सहसा ठणठणीत असतं. बिघाड सुरू होतो तो तीन ठिकाणी: तोटीत, झाकणात, आणि धुऊन ओलीच राहिलेल्या बाटलीतल्या पाण्यात. म्हणजे तुम्ही दर रविवारी बाटलीच्या पोटाची सेवा करता, आणि त्या खटाटोपात तिच्यात पाणी मात्र सोडता.

त्या लिबलिबीत चकतीबद्दल. सायडर व्हिनेगरच्या मूळ बाटलीवर 'विथ मदर' असं छापलेलं होतं का, आठवून बघा. असेल, तर ज्याचे तुम्ही जास्तीचे पैसे मोजलेत तेच आता तरंगतंय. सफरचंदाच्या रसाची आधी दारू होते, मग अ‍ॅसिटोबॅक्टर जातीचे जीवाणू हवेतला ऑक्सिजन घेऊन त्या दारूचं आम्ल करतात. हे काम जिवंत जीवांचं आहे, नुसती रासायनिक घडामोड नाही, हे लुई पाश्चरने १८६०च्या दशकात दाखवून दिलं. या कुळातले काही जीवाणू हवेजवळ राहता यावं म्हणून द्रवाच्या पृष्ठभागावर सेल्युलोजचा पडदा विणतात. कापसात असतं तेच सेल्युलोज. पडदा जाड होत गेला की तुमची चकती, म्हणजेच 'मदर'. त्यांना २५ ते ३० अंश तापमान सगळ्यात मानवतं, आणि जून-जुलैत पुण्याच्या स्वयंपाकघरात ते फुकट मिळतं. तुमची तोटी उघडी, बाटली अर्धी रिकामी, म्हणजे हवाही मुबलक. चकती झाली नसती तरच नवल.

ती अपायकारक नाही. घरातल्यांना किळस येत असेल तर मलमलच्या स्वच्छ कोरड्या फडक्यातून व्हिनेगर गाळून घ्या, चकती ओल्या कचऱ्यात टाका, व्हिनेगर खुशाल वापरा. पुन्हा येऊ नये असं वाटत असेल तर झाकण घट्ट लावा आणि बाटली लहान घ्या, म्हणजे वर हवेला जागा कमी राहील. गाळूनही येईल कदाचित. येऊ दे.

बुरशी मात्र वेगळी, आणि ती ओळखता यायला हवी. चकती ओली, गुळगुळीत, पांढुरकी किंवा फिकट तपकिरी असते. चिमट्याने उचलली तर सबंध वर येते. बुरशी लवदार, कोरडी, ठिपक्याठिपक्यांची, हिरवी किंवा काळपट, आणि बहुधा द्रवाच्या पातळीच्या वर, काचेला किंवा तोटीच्या बुचाला धरलेली. ती दिसली तर गाळत बसू नका, सगळं ओतून द्या. बुरशी धरली याचा अर्थ त्यात कुठून तरी पाणी गेलं आणि आंबटपणा उतरला. आणखी एक सांगते. लेबलवर 'सिंथेटिक' लिहिलेल्या साध्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तार, बुळबुळीतपणा असलं काही दिसलं, तर ते 'मदर' म्हणून सोडून देऊ नका. ते पाण्यात आम्ल मिसळून बनवलेलं असतं, त्यात या जीवाणूंना खायलाच काही नसतं. तिथे बाहेरून काहीतरी पडलंय, मुलाचा सॅलडचा चमचा धरून.

उकळतं पाणी बंद करा. जाड बुडाच्या गार बाटलीत एकदम उकळतं पाणी ओतलं की काचेचा आतला थर फुगतो, बाहेरचा तसाच राहतो आणि तडा जातो. तुमची बाटली तडकली यात तुमचा हातगुण काही नाही, साधी काच असंच करते. साध्या व्हिनेगरला निर्जंतुक बाटलीची गरजही नसते. ती लागते कधी, तर व्हिनेगरमध्ये तुळस, पुदिना, फळांचे तुकडे असं काही मुरवायचं असेल तेव्हा. त्यासाठी पातेल्याच्या तळाशी फडकं घाला, बाटली गार पाण्यात बुडवून ठेवा, मग पाणी तापवा आणि उकळी फुटल्यावर दहा मिनिटं राहू द्या. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचावर आहे, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, तेव्हा मिनिट-दोन मिनिटं जास्त द्या. बाटली पातेल्यातच कोमट होऊ द्या, ओल्या ओट्यावर ठेवू नका.

एरवी धुवायची ती अशी. रिकामी बाटली आधी नुसत्या कोमट पाण्याने विसळून टाका. मग आत मूठभर तांदळाची कणी (धुण्या-निवडण्यातून उरलेली असतेच), भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब आणि पाव बाटली कोमट पाणी घाला. तोंडावर तळहात दाबून धरा आणि बाटली आडवी करून गोल फिरवा. वर-खाली हिसके दिले तर नुसता फेस होतो आणि कणी मधल्यामध्ये उड्या मारते. गोल फिरवली की ती काचेच्या कडेकडेने घासत जाते आणि खांद्याच्या वळशातही पोचते, जिथे कुठलाच ब्रश नीट वाकत नाही. तळाच्या कोपऱ्यातली तपकिरी रेघ सुटेपर्यंत करा. ती सुटली की नाही हे बाटली खिडकीच्या उजेडासमोर तिरकी धरल्याशिवाय कळत नाही. नळाखालच्या ओल्या काचेत सगळंच स्वच्छ दिसतं. कणीऐवजी जाडं मीठ चालतं. वाळू, राख नको, काचेवर बारीक चरे पडतात आणि पुढच्या वेळी मळ त्यातच बसतो. प्लास्टिकच्या बाटलीला तर कणीही नको, मऊ ब्रश पुरे. शेवटी साबणाचा वास जाईपर्यंत विसळा. व्हिनेगर साबणाची चव लपवत नाही.

आणि वाळवणं. पत्रात तुम्ही धुण्याबद्दल पानभर लिहिलंय आणि वाळवण्याबद्दल एक अक्षर नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. अरुंद तोंडाची बाटली जाळीवर पालथी घातली की पाणी निथळतं, पण वाळत नाही. आतली ओल बाहेर पडायला वाट नसते. पुण्याच्या जुलैमध्ये अशी बाटली दोन दिवसांनीही आतून घामेजलेली सापडेल. म्हणून तासभर पालथी ठेवून निथळू द्या, मग सरळ करून पंख्याखाली ठेवा. ऊन असेल तर प्रश्नच नाही. घाई असेल किंवा पावसाने जोर धरला असेल तर शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेतली युक्ती वापरा, तुमच्या मुलाला ती ठाऊक असेल. ब्युरेट भरण्याआधी ती त्याच द्रावणाने विसळतात. तसं दोन चमचे व्हिनेगर बाटलीत घाला, सगळीकडून फिरवा आणि ओतून टाका. आत उरलेला थेंब आता पाण्याचा नाही, व्हिनेगरचा. मग लगेच भरली तरी चालते. ओतलेलं व्हिनेगर नळाच्या चकतीवर टाका, वाया जात नाही.

पांढुरका थर हा तुमच्या धुण्याचा दोष नाही, पाण्याचा आहे. खडकवासल्याचं पाणी तसं मृदू. पण तुमच्या भागात वर्षातले काही महिने टँकर आणि बोअरवर काढावे लागतात, आणि जमिनीखालून येणाऱ्या पाण्यात क्षार जास्त. उकळत्या पाण्याने विसळून बाटली तशीच वाळू दिली की पाणी उडून जातं आणि क्षार काचेवर राहतात. गंमत अशी की यावरचा उपाय तुमच्या हातातच आहे. अर्धी वाटी व्हिनेगर बाटलीत घालून अर्धा तास ठेवा, मधून मधून फिरवा. बारीक बुडबुडे आले तर समजा क्षार विरघळतायत. तरीही धुरकटपणा तसाच राहिला तर तो थर नाही, काच स्वतःच झिजली आहे. डिशवॉशरमध्ये वर्षानुवर्षं धुतलेल्या काचेचं असं होतं आणि ते परत येत नाही. शेवटचं विसळणं आरओ फिल्टरच्या पाण्याने केलंत तर थर बसणारच नाही.

चिलटांकडे वळू. ती बाटलीत शिरायला बघत नाहीत, तोटीच्या टोकाला लोंबकळणाऱ्या थेंबावर येतात. आंबूस वास त्यांना पिकलेल्या फळाची खबर देतो. म्हणून खरी सफाई तोटीचीच. ती दर आठवड्याला काढा, हवं तर रविवारीच, तुमचा नेम मोडायला नको. पाच मिनिटं साबणाच्या कोमट पाण्यात बुडवा आणि आतून बारीक ब्रश फिरवा. स्टीलच्या स्ट्रॉबरोबर जो सुईसारखा ब्रश मिळतो तोच बरोबर बसतो. नसेल तर बोहरी आळीत मिळेल, तिथे बाटल्यांची बुचंसुद्धा सुटी मिळतात. तोटीत दोन वाटा असतात: एक व्हिनेगर बाहेर यायची आणि दुसरी, केसाएवढी, हवा आत जायची. बहुतेक जण पहिली साफ करतात आणि दुसरी विसरतात. मग व्हिनेगर गचके खात पडतं, बाटलीच्या अंगावरून ओघळतं, आणि चिलटांना पंगत मिळते. बुचाभोवतीची रबरी किंवा सिलिकॉनची कडी नखाने काढून खाली बघा. तिथे काळी कड दिसली तर तुमची बुरशी तिथूनच येतेय. सिलिकॉन धुऊन परत लावता येतं. लाकडी बूच काळं पडलं की ते टाकूनच द्या, ते आतपर्यंत पितं. रात्री तोटीवर टोपी हवीच. टोपी नसेल तर तोटी काढून साधं झाकण लावा. उरलेल्या चिलटांसाठी एका वाटीत थोडं व्हिनेगर आणि साबणाचा थेंब घालून ठेवा. साबणामुळे पृष्ठभागाचा ताण मोडतो आणि बसलेलं चिलट बुडतं.

गंजलेलं झाकण फेका, घासू नका. जॅमच्या झाकणाच्या आतला पातळ लेप एकदा टवका उडून गेला की व्हिनेगरची वाफ थेट पत्र्याला लागते. मिरच्यांच्या बाटलीला प्लास्टिकचं झाकण लावा. ते मिळेपर्यंत मध्ये बटर पेपर. आणि हेही सांगून ठेवते, कारण सध्या तुळशीबागेत आणि तांबट आळीत तांब्या-पितळेच्या देखण्या बाटल्या बघून हात शिवशिवतात: व्हिनेगर त्यांत कधीही नाही. ताक पितळेत कळकतं हे सासूबाईंना माहीत आहे, इथेही तेच होतं. तांब्यावर आम्लाचा परिणाम होऊन विषारी हिरवं जंगाल धरतं. अ‍ॅल्युमिनियमही नको. जुन्या कपाटातल्या नक्षीदार जड क्रिस्टलच्या सुरईतही ठेवू नका. तशा काचेत शिसं असतं आणि आम्लात ते उतरतं. चिनी मातीची चांगली झिलई असलेली बरणी चालेल, साधी काच उत्तम.

आता यजमानांचं म्हणणं. सगळं भंगारात काढायची गरज नाही, पण त्यांच्या बोलण्यात एक चांगला प्रश्न दडलाय: या सगळ्या बाटल्या हव्यातच का? पांढरं व्हिनेगर मुळात ज्या बाटलीत येतं ती त्याच्यासाठीच बनवलेली असते, झाकणासकट. ते दुसरीकडे ओतलं की धुण्याचं काम वाढतं, लेबल जातं, तारीख जाते. जेवणाच्या टेबलावर शोभेची बाटली हवी असेल तर एकच ठेवा, शंभर-सव्वाशे मिलीची, आणि महिन्याभरात संपेल एवढंच भरा. बाकीचं दुकानाच्या बाटलीत, गॅसपासून दूर, कपाटात. फ्रिजची गरज नाही. तडकलेली बाटली घंटागाडीत देताना कागदात नीट गुंडाळून वर 'काच' असं लिहा. कचरा हाताने वेगळा करणाऱ्या, 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेतल्या ताईंची बोटं कापतात.

स्प्रेच्या बाटलीकडे मात्र जरा गंभीरपणे बघा. तिच्यावर मार्करने ठळक 'व्हिनेगर, सफाईचं' असं लिहा, आणि त्यासाठी पिण्याच्या पाण्याची किंवा सरबताची जुनी बाटली कधीही वापरू नका. घरात वयस्कर माणूस आहे, रात्री तहान लागली की कोण वास घेऊन बघतं? त्या बाटलीत आधी कुठलं ब्लीच किंवा ब्लीचवालं टॉयलेट क्लीनर भरलेलं असेल तर ती व्हिनेगरसाठी पूर्ण बाद. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि बाथरूमसारख्या बंद जागेत तो जिवावर बेततो. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा मिसळून 'जबरदस्त क्लीनर' भरून ठेवायचा सल्लाही फिरत असतो. फेस छान येतो, पण दोघं एकमेकांना मारून टाकतात, मागे उरतं जवळजवळ नुसतं खारट पाणी. आणि झाकण लावलेलं असेल तर वायूच्या दाबाने बाटली फुटू शकते. स्प्रेच्या आत धातूची स्प्रिंग असते, म्हणून काम झालं की दोन-चार वेळा साधं पाणी फवारून टाका. नाहीतर पुढे गंजाचं तांबूस पाणी येऊ शकतं.

आणि तुमचा ओटा कशाचा आहे? पत्रात लिहिलेलं नाही, पण तुमची सोसायटी जुनी असेल तर कडप्पा असेल. कडप्पा काय, शहाबादी फरशी काय, हे चुनखडीचे दगड. व्हिनेगर त्यांना खातं. बाटली ठेवता त्या जागी फिकट, खरखरीत गोल उमटलाय का, हात फिरवून बघा. तो डाग नाही, दगडच झिजलाय, आणि आणखी व्हिनेगर फवारून तो वाढेल. संगमरवराचंही तसंच. ग्रॅनाइट बराच तग धरतो. बाटल्यांखाली स्टीलची लहान ताटली ठेवा, आणि ओटा साबणाच्या पाण्यानेच पुसा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण पत्र दोनदा वाचल्यावर डोळ्यांत भरली. बाटल्या वापरतो मुलगा, मत देतात यजमान आणि सासूबाई, धुता तुम्ही. "अति करते आहे का" हा प्रश्न अशा वेळी पडतोच, कारण बाकी कोणाच्या हाताला ते काम लागलेलंच नसतं. नूडल्स झाल्यावर तोटी पुसून टोपी लावायला दहा सेकंद लागतात, आणि ती ज्याने ओतलं त्याची. रविवारची तोटीसुद्धा त्यालाच द्या. पहिल्यांदा नीट करणार नाही, तेव्हा त्याच्या मागे पुन्हा धुवायला जाऊ नका.

राहिली दुसरी बाटली. लसूण-मिरचीचं तेल. पत्रात तुम्ही तिचा उल्लेख एका ओळीत कौतुकाने करून पुढे गेलात. घरात भीती बाळगायचीच असेल तर ती या बाटलीची. लसूण मातीतून येतो आणि त्याच्यावर क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. व्हिनेगरमध्ये त्यांचं काही चालत नाही, आंबटपणा त्यांना रोखतो. तेलात मात्र हवा नाही, आंबटपणा नाही, आणि बाटली आठवडेच्या आठवडे ओट्यावर उबेत, म्हणजे त्यांना हवं ते सगळं. त्यातून तयार होणाऱ्या विषाला ना वास ना चव, आणि ते मज्जातंतूंवर घाला घालतं. असं क्वचितच होतं, पण झालं तर हॉस्पिटल गाठावं लागतं. तेव्हा आत्ता बाटलीत असलेलं तेल आजच टाकून द्या. चाखून बघू नका, 'अजून चांगलं दिसतंय' असं म्हणू नका. यापुढे लसणाचं तेल हवं तेव्हा थोडंसं करा, फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. लसूण मुरवायची हौस असेल तर ती व्हिनेगरमध्ये भागवा. तिथे पाकळ्या कधीकधी निळ्या-हिरव्या होतात, त्याने काही बिघडत नाही. लसणातल्या गंधकाच्या संयुगांचा तो रंग.

तेलाची बाटली धुताना नुसता साबण पुरत नाही. जुन्या तेलाचा पापुद्रा काचेला धरून बसतो, आणि तो राहिला की नवं तेलही लवकर खवट होतं. चमचाभर धुण्याचा सोडा गरम पाण्यात (उकळत्या नाही) विरघळवून रात्रभर भरून ठेवा. हातमोजे घाला, सोडा कातडी कोरडी करतो. सकाळी कणी आणि साबण, वर सांगितलं तसंच. मग बोट आत फिरवून बघा, काच करकर वाजली पाहिजे. ही बाटली वाळवताना व्हिनेगरची युक्ती चालणार नाही, ती पूर्ण कोरडीच हवी. मग तीत साधं तेल भरा, आठ-दहा दिवसांत संपेल एवढंच.